बांधावरचं तणनाशक परसबागेत आलं; भाजी खायची का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले. घरामागं दीड गुंठ्यात माझी परसबाग आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी, दोडक्याचा वेल, मेथी, पालक, कांदापात आणि कडेला एक शेवगा. बांधापलीकडं चुलत दिरांचं रान आहे. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधावर तणनाशक मारलं. वारं आमच्याकडं होतं, फवारा अंगावर आल्यासारखा वाटला. मी ओरडले तर म्हणाले, "गवताचं औषध आहे, माणसाला काही होत नसतं." मला तेव्हा एवढं कळलं नाही. त्याच संध्याकाळी मेथी खुडून भाजी केली आणि सगळ्यांनी खाल्ली. आता आठवड्यानं बघते तर टोमॅटोचे शेंडे पिळवटून खाली वळलेत, भेंडीची नवी पानं अरुंद, फाटल्यासारखी येतायत, बांधाकडचा पालक पिवळा पडलाय. कांदापात आणि गवती चहा मात्र चांगला ताजा आहे. घरात सून सहाव्या महिन्यात आहे, नातू तीन वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, चिंचेच्या पाण्यात धुऊन चांगली शिजवली की झालं. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या होईल तेवढ्या घरच्याच घालायची आमची रीत आहे. भाजी खावी का? वाफे किती दिवस सोडावेत? शेवग्याचं काय करावं? आणि दिरांशी यावरून भांडावं का? घरचे म्हणतात, भावकीत वैर नको.

उत्तर : ताई, तुमच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर त्या खाल्लेल्या मेथीचा लागलेला दिसतो, म्हणून आधी तेच सांगते. आठवडा उलटून गेलाय आणि कुणाला त्रास झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. वाऱ्यानं उडून आलेला फवारा पानावर पडतो तो थेट फवारणीच्या मानानं फार थोडा असतो, आणि एका जेवणात माणूस त्यातली मूठभर भाजी खातो. बांधावर सहसा मारली जाणारी ग्लायफोसेट किंवा २,४-डी ही औषधं शरीरात साठून राहत नाहीत, बहुतांश लघवी-शौचावाटे काही दिवसांत बाहेर पडतात. त्यामुळं त्या एका भाजीनं सुनेच्या बाळाला काही झालं असेल या विचारानं रात्री जागू नका. तिच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मात्र घडलं ते सांगा.

उलटी काढण्यासाठी मिठाचं पाणी पाजणं, एरंडेल देणं असलं काही आता करू नका, पुढंही कधी करू नका. तणनाशक कुणाच्या पोटात गेलं, तोंडात फोड आले, घसा जळायला लागला, उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर बाटली किंवा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक फुकट लागतो. तुमच्या गावच्या डॉक्टरांनाही तिथून सल्ला घेता येतो.

आता वाफ्यात उभ्या असलेल्या भाजीचं. ती खाऊ नका. मेथी, पालक, कांदापात, कोथिंबीर असेल तर तीही, आणि फवारणीच्या दिवशी झाडावर लहान-मोठी जी वांगी, टोमॅटो, भेंड्या, दोडकी होती ती सगळी. भरली बाग टाकून द्यायला सांगताना मलाही बरं वाटत नाही. पावसाच्या उघडिपीत घागरी वाहून वाढवलेली भाजी असते ती. पण घरात गरोदर बाई आणि तीन वर्षांचं लेकरू असताना दोन-अडीचशे रुपयांच्या भाजीसाठी शंका पोटात घालू नये, हे माझं ठाम मत आहे.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. धूळ, माती, पानावर वरवर बसलेलं औषध वाहत्या पाण्यात चोळून धुतलं की बरंचसं निघतं. पण ग्लायफोसेट आणि २,४-डी ही आंतरप्रवाही औषधं आहेत. पानावर पडली की काही तासांत आत शिरतात आणि झाडाच्या रसाबरोबर शेंड्यांकडं, मुळांकडं, वाढत्या फळांकडं जातात. तणाची मुळं मरतात ती त्याच गुणामुळं. पानाच्या आत गेलेलं औषध चिंचेच्या, मिठाच्या किंवा हळदीच्या पाण्यानं बाहेर येत नाही. शिजवूनही त्याचा भरवसा नाही, ग्लायफोसेट तर उकळत्या भाजीच्या उष्णतेला दाद देत नाही. साबणाच्या पाण्यात भाजी धुऊ नका, तो साबणच भाजीत शिरतो.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी जास्त थांबले. कांदापात आणि गवती चहा ताजा आहे, असं तुम्ही लिहिलंय. ताज्या दिसणाऱ्या पानावरच माणूस फसतो. २,४-डी हे रुंद पानाच्या झाडांना मारतं. गवताच्या जातीची, तशाच सरळ लांब पानांची झाडं ते बऱ्यापैकी सोसतात, म्हणून तर ते ऊस आणि गव्हात मारतात. तेव्हा कांदापात टवटवीत आहे याचा अर्थ तिच्यावर औषध पडलंच नाही असा होत नाही. पडलं असेल, पण त्या जातीला ते दिसेल इतकं बाधलं नाही, एवढाच अर्थ. उलट टोमॅटो या औषधाला इतका हळवा की अगदी थोड्या वाफेनंसुद्धा त्याचे शेंडे पिळवटतात. म्हणजे जो टोमॅटो सगळ्यात वाईट दिसतोय त्याच्यावर औषध सगळ्यात जास्त पडलंय असंही नाही. डोळ्यांनी बघून "हे खायचं, ते टाकायचं" अशी निवड इथं करता येत नाही. बांधापासून किती लांब आणि वाऱ्याच्या कोणत्या अंगाला, एवढंच बघा. तुमचा तुकडा दीड गुंठ्याचा आहे, त्यात लांब असं काही नसतंच.

शेंडे पिळवटणं, पानं अरुंद होणं ही खूण २,४-डी किंवा त्याच्या जातीच्या औषधाची आहे. कापूस लावणाऱ्यांना ती ओळखीची असते, कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं व्हायला लागतं. पालक हळूहळू पिवळा पडणं हे ग्लायफोसेटकडं बोट दाखवतं. लोक पंपात दोन्ही मिसळून मारतात, त्यामुळं दोन्ही असू शकतील. पॅराक्वाट हे तिसरं तणनाशक असतं तर दिवस-दोन दिवसांतच पानावर जळल्यासारखे तपकिरी चट्टे पडले असते. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही आणि ते वाचून माझा जीव थोडा खाली बसला, कारण तिन्हींत सगळ्यात जहरी तेच, आणि त्याला उतारा नाही.

पण हा झाला अंदाज. खरं उत्तर औषधाच्या नावात आहे. "गवताचं औषध" या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात ते बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं माणसाच्या पोटात रोज, जन्मभर गेलं तरी चालेल असं प्रमाण प्रत्येक औषधाला ठरवलंय. वजनाच्या दर किलोमागं ग्लायफोसेट १ मिलिग्रॅम, २,४-डी ०.०१ मिलिग्रॅम, पॅराक्वाट ०.००५ मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ग्लायफोसेटचं पन्नास मिलिग्रॅम आणि पॅराक्वाटचं पाव मिलिग्रॅम, दोनशे पटींचा फरक. ग्लायफोसेटबद्दलही सगळ्यांचं एकमत नाही. २०१५ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं त्याला "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलं, तर अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांनी नेहमीच्या वापरात तसा धोका दिसत नाही असं म्हटलं. नाव कळल्याशिवाय यातलं कुठलं वाक्य तुमच्या घराला लागू होतं ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

काही वाचक म्हणतात, प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तिथंही पहिला प्रश्न हाच येतो, काय शोधायचं? एका चाचणीत अनेक कीटकनाशकं शोधतात, पण त्या नेहमीच्या चाचणीत ग्लायफोसेट सापडत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. घरच्या चार वाफ्यांसाठी हा खर्च मी तुम्हाला सांगणार नाही.

"फवारणीनंतर इतके दिवस थांबा आणि मग काढणी करा" असं औषधाच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. ते दिवस त्या पत्रकात नाव असलेल्या पिकापुरतेच असतात. बांधाचं औषध चुकून पालकावर पडलं तर पालकासाठी किती दिवस थांबायचं हे कुठंच लिहिलेलं नसतं. ज्या औषधाला एखाद्या पिकावर मर्यादाच ठरवलेली नाही, तिथं आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागं ०.०१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. म्हणून कृषी सेवा केंद्रावर कुणी "आठ दिवसांनी खा" म्हणालं, तर तो आकडा कशावरून, हे विचारा.

तर नाव मिळवायचं. आणि इथंच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दिरांशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. भांडायला गेलात तर पहिलं काय होईल? ते "मी काही मारलंच नाही" म्हणतील, डबा नाल्यात जाईल आणि नाव कायमचं गेलं. तुम्हाला आज वैरापेक्षा नावाची गरज आहे. त्यांच्या घरी जाऊन, जावेसमोर, शांतपणे म्हणा : "भाऊजी, सुनेच्या डॉक्टरला औषधाचं नाव सांगायचंय. डबा असला तर तेवढा बघू द्या, मी भांडायला आले नाही." गरोदर सुनेचं नाव निघाल्यावर बहुतेक माणसं डबा काढून देतात. नाहीच दिला तर बांधाच्या कडेला, विहिरीजवळ रिकामी बाटली पडलेली असते, किंवा ज्या दुकानातून औषध आणलं तिथं बिलावर नाव असतं.

डबा हातात आला की मोठ्या अक्षरातलं नाव बघून थांबू नका, ते कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव आणि टक्के लिहिलेले असतात : "ग्लायफोसेट ४१ टक्के एस. एल.", "२,४-डी अमाईन सॉल्ट ५८ टक्के", "२,४-डी इथाइल एस्टर ३८ टक्के", "पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के". त्याचा मोबाइलवर फोटो काढा. डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचा एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. पण तो रंग औषध थेट पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती घातक एवढंच सांगतो. हिरवा दिसला म्हणून भाजी खायला हरकत नाही असा अर्थ काढू नका. फोटो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

उपटलेली झाडं शेळीला घालू नका, उकिरड्यावर किंवा गांडूळखतात टाकू नका, पेटवूही नका. विहीर आणि आडापासून लांब खड्डा करून पुरा. दिरांनाही सांगा, त्या बांधाचं गवत सध्या जनावरांना कापू नका. २,४-डी बसलेल्या काही तणांत जनावराला विषारी ठरणारं नायट्रेट वाढतं आणि एरवी तोंड न लावणारं जनावर ते आवडीनं खातं. ही गोष्ट त्यांच्या कामाची आहे, ती ऐकून त्यांचा तुमच्यावरचा रागही कमी होईल.

वाफ्यांचं फार भय बाळगू नका. आपल्या काळ्या चिकण मातीला ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट घट्ट चिकटून बसतात, त्यातून नव्या झाडाच्या मुळांत फारसं जात नाहीत. २,४-डी ओलीत जिवाणू खातात, ओल असली तर साधारण एक-दोन आठवड्यांत निम्मं होतं. जमीन कोरडी पडली तर हे काम रेंगाळतं, म्हणून पावसानं ताण दिला तर वाफ्यांना पाणी द्या आणि कुदळीनं माती हलवा. अपवाद ॲट्राझीनचा. मका-उसातलं हे औषध आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत जास्त दिवस टिकतं. डब्यावर ते नाव निघालं तर हा हंगाम त्या वाफ्यात भाजी घेऊ नका.

बी वाया घालवण्याआधी घरीच परीक्षा करता येते. तीन-चार आठवड्यांनी एका डब्यात बागेतली वरची चार बोटं माती घ्या, दुसऱ्यात फवाऱ्यापासून लांबच्या रानातली. दोन्हींत मूग किंवा चवळीचे दहा-दहा दाणे आणि थोडं टोमॅटोचं बी टाका, सारखं पाणी, सारखं ऊन. दोन-तीन आठवडे बघा. बागेच्या डब्यातली रोपं वाकडी, खुरटी, पांढरट किंवा पानं मुडपलेली आली तर अजून थांबा. दोन्ही सारखी आली तर मेथी पेरा.

टोमॅटो-वांग्याची झाडं ठेवायची की काढायची? शेंडे पिळवटलेली झाडं पुढं सावरतात कधी कधी, पण फळ वेडंवाकडं येतं. मी असते तर काढली असती. दोडक्याचा वेल बाधला नसेल असं वाटलं तरी या तोडणीवर जीव अडकवू नका.

महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या यंदा औशाच्या किंवा लातूरच्या बाजारातून आणा, नाहीतर तुमच्या माहेराहून, मैत्रिणीच्या वाड्यातून दोन-दोन मुठी मागून आणा. गावात वानवळा द्यायची-घ्यायची रीत आहेच. सुनेला आणि लेकराला निर्धास्तपणे प्रसादाचं पान वाढता यावं, यापेक्षा त्या दिवशी घरच्या बाईला आणखी काय हवं असतं?

पुढच्या वेळचं आत्ताच दिरांशी बोलून ठेवा. फवारायच्या आदल्या दिवशी सांगा म्हणावं, म्हणजे मी भाजी आधी काढून घेते आणि बांधाकडच्या वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद टाकते. फवारा संपला की कागद लगेच काढायचा, उन्हात झाडं उकडतात, आणि तो बाहेरच्या बाहेर धुवायचा. वारं तुमच्या घराकडं असेल त्या दिवशी पंप उचलू नये. नोझल जमिनीजवळ धरावं, त्याला प्लास्टिकची टोपी लावावी, दाब कमी ठेवावा, थेंब जाड पडला की उडत नाही. २,४-डीचं एस्टर बांधावर मारूच नये. उन्हात त्याची वाफ होते आणि फवारा वाळल्यावर दुसऱ्या दिवशीही ती शेजारच्या रानात जाते. त्यांच्या स्वतःच्या कपाशीलाही ती सोडणार नाही, हे ऐकवा. तणनाशकाचा पंप वेगळा असावा. त्याच पंपानं कुणी तुमच्या वांग्यावर कीडनाशक मारून देतो म्हटलं तर नको म्हणा, साध्या धुण्यानं २,४-डी पंपातून पुरतं जात नाही. आणि पंप विहिरीच्या थारोळ्यावर धुवायचा नाही, हे मात्र भीड न धरता सांगा. ते पाणी सगळेच पितात.

कायद्याचं बळही तुमच्या बाजूला आहे. ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय, म्हणजे कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्या माणसाशिवाय, कुणी वापरू नये, अशी अधिसूचना केंद्र सरकारनं २०२२ मध्ये काढली. गावोगाव काय चालतं ते आपल्याला दिसतंच. दीड गुंठ्यासाठी पंचनाम्याच्या मागं लागा असं मी सांगणार नाही. पण सांगूनही पुढच्या वेळी असंच झालं तर फोटो, तारीख आणि डब्याचं नाव घालून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लेकराच्या ताटाचा प्रश्न आहे, त्याला वैर म्हणत नाहीत.

शेवगा तोडू नका. सध्या झाडावर असलेला पाला आणि शेंगा सोडून द्या, बाधलेल्या फांद्या छाटा. नवी फूट सरळ, नेहमीच्या रंगाची आली आणि पुढचा बहार नीट धरला, तर त्याच्या शेंगा खायला घ्या. फूट पिळवटलेलीच येत राहिली तर तिचा फोटो डब्याच्या फोटोसोबत मला पाठवा.